पथकाचं ॲप, एकच फाइल, ६,४०० ओळी: तुकडे पाडायचे कुठे?

टिपरू (धागाकर्ता), रविवार रात्री ११:४८

मंडळी, नमस्कार. आधी थोडी पार्श्वभूमी, मग रडगाणं.

आमचं ढोल-ताशा पथक आहे. वादक दोनशेच्या आसपास, सराव नदीपात्रात. २०१९ साली हजेरीची वही पावसात भिजली म्हणून मी एका शनिवार-रविवारात फ्लास्कमध्ये (पायथनची वेब लायब्ररी) छोटंसं वेब ॲप लिहिलं. नाव, मोबाइल, हजेरीची टिक. तीनशे ओळी, सगळ्या 'ॲप डॉट पाय' नावाच्या एकाच फाइलमध्ये. मी पोटापाण्यासाठी टेस्टिंग करतो, कोड लिहीत नाही, त्यामुळे तेव्हा स्वतःवर जाम खूश होतो.

मग दरवर्षी कोणीतरी "एवढं एक टाक ना रे" म्हणत गेलं. वर्गणी आली, मागोमाग पावती आली. सुपाऱ्या आल्या: कोणत्या मंडळापुढे किती वाजता, ढोल किती, ताशे किती, इसार किती. कुर्ते-फेटे आले. ढोलांची दुरुस्ती आली, म्हणजे कोणाचं पान फाटलं, कोणी दोरी ओढली. आज त्या फाइलमध्ये ६,४०० ओळी आहेत आणि ती उघडली की लॅपटॉपचा पंखा सुरू होतो (हे मानसिकही असेल).

मागच्या आठवड्यात खजिनदार म्हणाले की पावती क्रमांकात आर्थिक वर्ष हवं. मी क्रमांक बनवणारं फंक्शन बदललं, पावत्या झकास छापल्या. पण तेच फंक्शन वादकाचा बिल्ला क्रमांक बनवायलाही वापरलं होतं, हे मी विसरलो होतो. त्या संध्याकाळी ४० मुलं नदीपात्रात माझ्या समोर ढोल बांधून उभी, आणि रिपोर्टमध्ये गैरहजर. वर "हजेरी कमी असल्याने तुमचे नाव मिरवणुकीतून वगळले आहे" असा मेसेज त्यांना आपोआप गेला. एका मुलीच्या आईचा रात्री फोन आला. काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हा ठरवलं, आता तुकडे पाडायचे. व्हिडिओ बघून मॉडेल्स (डेटाची रचना), राउट्स (कोणत्या पत्त्यावर कोणतं पान), हेल्पर्स (सटरफटर मदतीची फंक्शनं) अशा तीन फाइली केल्या. पहाटे दोनला स्क्रीनवर आलं की मॉड्यूल अर्धवटच तयार झालंय, बहुधा सर्क्युलर इम्पोर्टमुळे, म्हणजे दोन फाइली एकमेकींनाच बोलावतात त्यामुळे. सगळं परत फिरवलं आणि झोपलो.

गणपती ११ आठवड्यांवर आलेत. कुठून कापू?


हिंजवडी_फेज_३, रविवार रात्री ११:५९

मायक्रोसर्व्हिसेस. हजेरी एक सर्व्हिस, वर्गणी एक, सुपारी एक. प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा, प्रत्येकीचं डॉकर, म्हणजे चालवायचा डबाही स्वतंत्र. परत कोणी कोणाला मोडूच शकणार नाही.


चहाबाज, सोमवार ००:१०

@हिंजवडी_फेज_३, कुंडीत तुळस लावायला ट्रॅक्टर बोलावलात की हो. यांचा सर्व्हर महिना पाचशे रुपयांचा असेल, आणि सांभाळणारा माणूस एक, तोही नोकरी करून. आज एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं. उद्या ती हाक नेटवर्कवरून जाणार, मध्येच हरवणार, आणि ती कुठे हरवली हे शोधायला टिपरूभाऊ नदीपात्रात लॅपटॉप उघडून बसणार.

आणि मुळात एक फाइल असली म्हणून बिघडलं काय? एसक्यूलाइट घ्या. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये बसलेला डेटाबेस, आणि तो सी भाषेतल्या एकाच फाइलमध्ये मिळतो. दोन लाखांवर ओळी. त्यांचं काही अडलंय का?


पीएमटी_पास, सोमवार सकाळी ७:२०

चहाबाज, अर्धीच गोष्ट सांगितलीत. ती एक फाइल वाटपासाठी आहे. लिहिणारे लोक शंभरावर वेगवेगळ्या फाइलींमध्ये लिहितात, आणि शेवटी एक स्क्रिप्ट त्या सगळ्या एकत्र जोडते, म्हणजे वापरणाऱ्याला सोपं जावं आणि कंपायलरलाही सगळं एकदम दिसावं. डबा भरून एकत्र दिला म्हणून स्वयंपाकही एकाच पातेल्यात केला असं होत नाही.

टिपरू, तुमच्या गोष्टीतला खरा चोर ओळींची संख्या नाही. पावती आणि बिल्ला यांचं एकमेकांशी काही नातं नसताना दोघांनी एकच फंक्शन वाटून घेतलं, कारण तेव्हा दोन्ही आकडे सारखे दिसत होते. हेल्पर्स नावाची फाइल केलीत तर हा प्रकार आणखी वाढेल, कमी होणार नाही.


वाचनमात्र, सोमवार सकाळी ९:०५

वाखू (वाचनखूण) साठवली आहे. आमच्याकडेही असंच एक आहे, फक्त ते २२ हजार ओळींचं आहे आणि त्याला कोणी हात लावत नाही.


शनिवारवाली, सोमवार दुपारी १:३२

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

माझं लहानपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं. पोस्टमन दिंडी दरवाजापाशी थांबायचा. भाडं द्यायला आलेला ओसरीवर बसायचा, तिथेच त्याला पावती मिळायची, फार तर चहा. माजघरात फक्त घरचे. कोठीच्या खोलीत आजी आणि आजीच. आजीने तांदळाचा डबा कोठीतून माळ्यावर नेला, तर ते पोस्टमनला कळायचं काही कारण नव्हतं आणि त्याचं त्यावाचून काही अडतही नव्हतं.

तुमच्या वाड्यात भाडेकरू थेट कोठीत जाऊन डब्यात हात घालतो. म्हणून आजीने डबा हलवला की भाडेकरूची पावती चुकते. मॉड्यूल करायचं म्हणजे फाइल कापायची असं नाही. ओसरी कुठे संपते आणि माजघर कुठे सुरू होतं, ते ठरवायचं.

हे काही माझं शहाणपण नाही. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालीच हे मांडलंय. त्यांनी एक छोटा प्रोग्राम घेतला: शीर्षकांच्या ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द फिरवून सगळ्या शक्यता काढायच्या, त्या अकारविल्हे लावायच्या, छापायच्या. तो दोन प्रकारे कापून दाखवला. पहिल्या प्रकारात कामाच्या क्रमाने: वाचणं, फिरवणं, लावणं, छापणं. दिसायला एकदम शिस्तीचं. पण ओळी मेमरीत ठेवण्याची पद्धत बदलली की चारही तुकडे उघडावे लागतात, कारण चौघांनाही कोठीची रचना माहीत असते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक तुकडा एकेक निर्णय आपल्या पोटात दडवतो. ओळी कशा साठवल्या हे एकालाच ठाऊक; बाकीचे ओसरीवर येऊन "अमुक ओळीतला तमुक शब्द दे" एवढंच मागतात. बदल एका जागी राहतो.

तुम्ही मॉडेल्स-राउट्स-हेल्पर्स केलं ते पहिल्या प्रकाराचंच भावंड. आपला पेठांमधला बाजार बघा. कापड लक्ष्मी रोडला, भांडी तुळशीबागेत, पुस्तकं अप्पा बळवंत चौकात, वायरी तापकीर गल्लीत. गिऱ्हाइकाला ते सोयीचं, कारण दहा दुकानं फिरून भाव करता येतो. कोडमध्ये भाव कुठे करायचाय? एक पावती बदलायला तुम्ही चारही ठिकाणी जाणार, आणि पार्किंग कुठेच नाही.

तेव्हा हजेरी, वर्गणी, सुपारी, सामान अशी घरं करा. प्रत्येक घरात त्याचं मॉडेल, त्याचे राउट, त्याची टेम्प्लेटं (पानांचे साचे). फ्लास्कमध्ये यासाठी ब्लूप्रिंट (राउट्सचा एक गट वेगळा बांधायची सोय) आहेतच, २०११ पासून. जँगोत (पायथनचीच दुसरी वेब लायब्ररी) याला सरळ 'ॲप' म्हणतात आणि अख्खी रचना त्यावरच उभी आहे.


टिपरू, सोमवार रात्री १०:४०

दंडवत, शनिवारवाली ताई. वाडा डोक्यात बसला.

पण घरं चारच हे कसं ठरलं? कोणता कोड कोणत्या घरचा, हे मला माझ्याच फाइलमध्ये कळत नाहीये. शिवाय ते सर्क्युलर प्रकरण घरं केल्यावरही येणारच ना?


पीएमटी_पास, सोमवार रात्री ११:१५

सर्क्युलरचं आधी, कारण ते यांत्रिक आहे.

पायथनने एखादं मॉड्यूल इम्पोर्ट करायला घेतलं की त्याचं नाव आधी एका यादीत टाकतो आणि मग फाइल वरून खाली चालवत जातो. तुमची 'ॲप' फाइल दहाव्या ओळीवर हजेरीला बोलावते. हजेरी पहिल्याच ओळीवर म्हणते, मला 'ॲप'मधलं डीबी (डेटाबेसची जोडणी) द्या. पायथन यादी बघतो: 'ॲप' तर आलेलं आहे. पण ते दहाव्या ओळीवर अडलंय आणि डीबी विसाव्या ओळीवर जन्मणार आहे. म्हणून "अर्धवट तयार".

याहून बेरकी प्रकार पुढे आहे. तुम्ही 'पायथन ॲप डॉट पाय' असं चालवत असाल (चालवत असणारच) तर त्या फाइलचं यादीतलं नाव 'ॲप' नसतं, 'मेन' असतं, दोन्ही बाजूंनी दोन-दोन अंडरस्कोर लावून. हजेरीने 'ॲप' मागितलं की पायथनला ते नाव यादीत सापडत नाही, म्हणून तो तीच फाइल पुन्हा पहिल्यापासून चालवतो. इम्पोर्टची ओळ फाइलच्या तळाशी नेऊन लोक एरर घालवतात, आणि मग दोन डीबी तयार होऊन बसतात: एक 'मेन'चा, एक 'ॲप'चा. एररही जराशी वेगळी येते, की हे ॲप या डीबीकडे नोंदलेलंच नाही. मी यात पूर्वी एक अख्खा दिवस घालवलाय.

इलाज असा. डीबीची वस्तू एका छोट्या वेगळ्या फाइलमध्ये रिकामीच जन्माला घाला. त्या फाइलने तुमच्यापैकी कोणालाच इम्पोर्ट करायचं नाही. हजेरी, वर्गणी सगळे तिच्याकडून घेतील. ॲप बनवायचं काम एका फंक्शनमध्ये ठेवा: ते ॲप तयार करेल, डीबी त्याला जोडेल, मग एकेक ब्लूप्रिंट नोंदवेल. इम्पोर्टचे बाण एकाच दिशेने, वरून खाली. खालच्याने वरच्याला कधी बोलवायचं नाही. सुरू करताना 'फ्लास्क रन' वापरा.

हे सगळं करूनही हजेरी आणि सुपारी एकमेकींना इम्पोर्ट करत असतील, तर मात्र तो पायथनचा दोष नाही. तिथे भिंतच चुकीच्या जागी घातलीय.


वाचनमात्र, मंगळवार सकाळी ८:४८

घरं ठरवायला गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) मदत घ्या. कोणत्या फाइली एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या एकाच नोंदीत, सोबत बदलतात ते काढायचं. नेहमी जोडीने बदलतात त्या एका घरात.


चहाबाज, मंगळवार सकाळी ८:५५

वाचनमात्र, यांच्याकडे फाइल एकच आहे हो. ती कायम स्वतःच्याच जोडीने बदलते. :)


वाचनमात्र, मंगळवार सकाळी ८:५७

अरेच्चा. परत वाचनमात्र होतो.


शनिवारवाली, मंगळवार सकाळी ९:३०

नका होऊ, कल्पना बरोबरच आहे, फक्त हाताने करावी लागेल. टिपरू, गेल्या दोन वर्षांच्या कमिटचे मेसेज काढा आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा: हा बदल कोणाच्या सांगण्यावरून केला? कोडचा विचारच करू नका. खजिनदार, सराव बघणारे, सुपाऱ्या घेणारे, सामान सांभाळणारे. वही-पेन घेऊन बसा.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली लिहून ठेवलंय की एखाद्या संस्थेत माणसांचा आपसातला संवाद जसा असतो, तिची यंत्रणाही तशाच आकाराची निघते. लोक हे तक्रारीच्या सुरात सांगतात, मी उलटं वापरते. तुमच्या पथकात कामाची वाटणी आधीच झालेली आहे आणि ती इतकी वर्षं चाललीय. भिंती तिथेच घाला.


टिपरू, बुधवार रात्री ११:५२

केलं. उपयोग झाला आणि लाजही वाटली.

एकूण ७४ कमिट. वर्गणी-पावती ३१, सुपारी १९, हजेरी ११, सामान ७. उरलेल्या ६ कमिटचा मेसेज नुसता "फिक्स". काय फिक्स केलं होतं ते देवाला ठाऊक.

गंमत पुढे आहे. सुपारीच्या १९ पैकी ९ वेळा मी त्याच कमिटमध्ये हजेरीच्या भागालाही हात लावलाय. आधी वाटलं, दोन्ही एकाच घरात टाकावीत. मग एकेक कमिट उघडून बघितली. आमच्याकडे नियम आहे की सरावाला ७५ टक्के हजेरी असेल तरच मिरवणुकीत वाजवायचं. हा ७५ चा हिशेब कोडमध्ये दोनदा लिहिलाय, एकदा हजेरीच्या पानावर आणि एकदा सुपारीची यादी बनवताना. त्यात परीक्षेची सुट्टी धरायची की नाही, दुखापत झाली तर काय, ताशावाल्यांना वेगळं का, असं दरवर्षी बदलतं आणि मी दोन्हीकडे बदलतो. एका वर्षी एकीकडे विसरलो होतो. त्या वर्षीचं भांडण मला आजवर पथकातलं राजकारण वाटत होतं. तो बग होता.


शनिवारवाली, गुरुवार सकाळी ९:१०

हीच ती जागा! नियम हजेरीच्या माजघरात. सुपारीने ओसरीवर येऊन इतकंच विचारायचं: "हा वादक या तारखेला पात्र आहे का?" हो किंवा नाही. टक्के, सुट्ट्या, दुखापती यातलं सुपारीला काही कळता कामा नये. उद्या ७५ चे ८० झाले तरी सुपारीची फाइल उघडायची वेळ येऊ नये.

पायथन दाराला कडी लावत नाही, हे लक्षात ठेवा. नावापुढे अंडरस्कोर लावला तरी आत घुसणारा घुसतोच. म्हणून पॅकेजच्या (म्हणजे त्या घराच्या फोल्डरच्या) 'इनिट' फाइललाच ओसरी माना, बाहेरच्यांनी फक्त तिथून घ्यायचं. पाळलं जात नसेल तर इम्पोर्ट-लिंटर नावाचं साधन आहे, त्यात "सुपारीने हजेरीच्या आत जायचं नाही" असा नियम लिहून ठेवता येतो. कोणी मोडला की तपासणीत लाल दिवा.


हिशेबनीस, गुरुवार दुपारी ४:०५

मी बँकिंगच्या डेटाबेसवर काम करतो, तुमचा वाडा बघून राहवलं नाही. ओसरी-माजघर छान आहे, पण तुमच्या सगळ्या घरांना परसदारी एकच आड आहे आणि जो तो त्यात आपली बादली टाकतोय. कोडच्या भिंती घालून सुपारीने सरळ हजेरीच्या टेबलावर क्वेरी मारली तर भिंतीचा उपयोग काय?

माझा नियम: प्रत्येक टेबलाला एक मालक. लिहायचं फक्त मालकाने.


पीएमटी_पास, गुरुवार दुपारी ४:४०

लिहिण्याबद्दल सहमत. वाचण्याबद्दल नाही. खजिनदारांना "हजेरी ७५ च्या वर पण वर्गणी बाकी" अशी यादी हवी असते. ती ओसऱ्यांवरून दोनशे वेळा विचारून बनवायची? एक जॉइन (दोन टेबलं जोडणारी क्वेरी) मारला की काम झालं. अहवालांचं वेगळं घर करावं, त्याला सगळीकडचं वाचायची मुभा, लिहायची कुठेच नाही.


हिशेबनीस, गुरुवार संध्याकाळी ६:२०

आणि मग हजेरीच्या टेबलातल्या कॉलमचं नाव बदललं की अहवाल कोसळणार. फिरून तेच.


पीएमटी_पास, गुरुवार संध्याकाळी ६:३१

कोसळू दे. एकाच ठिकाणी कोसळेल, आणि कुठे ते आधीच माहीत असेल. दोनशे वादकांच्या पथकाला एवढं परवडतं. बँकेचं तुम्ही बघा.


हिशेबनीस, गुरुवार संध्याकाळी ६:५०

बँकेतही शेवटी असंच आहे, पण मी ते कबूल करणार नाही.

टिपरू, एक कामाचं: फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याकडे बोट दाखवणारा दुवा) काढून टाकू नका, मॉड्यूल वेगळी केली म्हणून. एसक्यूएलअल्केमीत (पायथनमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) नात्याच्या व्याख्येत दुसऱ्या क्लासचं नाव नुसतं अवतरण चिन्हांत लिहिता येतं, इम्पोर्ट करावं लागत नाही. तुमची अर्धी सर्क्युलर तिथेच सुटतील. फक्त पहिली क्वेरी मारण्याआधी सगळी मॉडेल्स कुठेतरी एकदा इम्पोर्ट झालेली असू द्या, नाहीतर त्याला ते नाव सापडणार नाही.


जावास्क्रिप्टी, गुरुवार रात्री ९:१५

पुढच्या बाजूचं कोणीच बोलेना म्हणून. ब्राउझरमधला कोडही एकाच फाइलमध्ये असेल तर २०१५ च्या आवृत्तीपासून जावास्क्रिप्टला स्वतःची मॉड्यूल आहेत, बंडलर (फाइली एकत्र बांधणारं साधन) नसला तरी ब्राउझर ती थेट समजतात, स्क्रिप्टच्या टॅगला मॉड्यूल म्हणून सांगितलं की झालं. एवढ्याशा ॲपला वेबपॅक वगैरेच्या नादी लागू नका.


टिपरू, गुरुवार रात्री ११:३०

@जावास्क्रिप्टी, पुढे फक्त एक बटण आहे आणि ते दाबलं की हिरवं होतं. :)

आणखी एक प्रश्न, जरा बावळट वाटेल. नावं कशी ठेवू? माझ्या फाइलमध्ये एकाच गोष्टीला कुठे 'बुकिंग', कुठे 'इव्हेंट', कुठे 'ऑर्डर' आहे. आम्ही तोंडाने 'सुपारी'च म्हणतो.


चहाबाज, शुक्रवार सकाळी १०:०२

मग सुपारीच ठेवा. उद्या बाहेरगावचा कोणी कोड बघायला आला आणि 'सुपारी' नावाच्या फोल्डरात माणसांची नावं, वेळा आणि आगाऊ रक्कम दिसली की सरळ पोलिसात जाईल, तेवढा धोका आहे.

हलकेच घ्या, पण नावाचं मनापासून सांगतोय. पथकात जो शब्द बोलला जातो तोच कोडमध्ये हवा. 'इव्हेंट' म्हटलं की सरावही त्यात आला, मिरवणूकही आली, कोजागरीची मिसळही आली. शब्द पसरट असला की मॉड्यूलही पसरतं.

अवांतर: पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीतसुद्धा चालतात. मी एकदा हौसेने करून पाहिलं. दर ओळीला कीबोर्ड बदलता बदलता हौस फिटली.


पीएमटी_पास, शुक्रवार सकाळी ११:४५

हलवण्यापूर्वी दोन पथ्यं. तुम्ही टेस्टर आहात, त्यामुळे पहिलं सांगायला नकोच: मुख्य पंधरा-वीस पानांना साध्या टेस्ट लावा, पान उघडतं का आणि आकडा बरोबर येतो का, इतपत.

दुसरं: हलवणं आणि सुधारणं एका कमिटमध्ये करू नका. हात शिवशिवतात, मला माहितेय. गिट फाइल हलवल्याची नोंद वेगळी ठेवत नाही, जुनी आणि नवी फाइल किती सारखी आहे यावरून मागाहून अंदाज बांधतो. निम्म्याहून जास्त बदललंत तर त्याच्या लेखी ती नवीच फाइल. तुम्ही तर एका फाइलीच्या पाच करणार, तिथे तो अंदाजही चालत नाही. मग 'ब्लेम' (कोणती ओळ कोणी, कधी लिहिली ते दाखवणारी गिटची आज्ञा) करताना मोठा सी (-C) जोडायचा, म्हणजे दुसऱ्या फाइलमधून आलेल्या ओळींचा मूळ लेखक सापडतो. लेखक तुम्ही एकटेच आहात, पण कधीची ओळ आहे ते तरी कळेल.

आणि सगळ्यात लहान घर आधी. वर्गणीला आत्ता हात लावू नका.


टिपरू, काही दिवसांनी, शनिवार रात्री १२:२०

उशीर झाला, सराव चालू आहे. हकीकत सांगतो.

सामान आधी हलवलं. कुर्ते, फेटे, ढोल, दुरुस्ती. सात कमिटवालं घर, कोणाला फारसं माहीतही नाही. ॲप बनवणारं फंक्शन, डीबीची वेगळी फाइल, ब्लूप्रिंट. पहिल्या झटक्यात चाललं, मी उठून चहा केला.

मग त्याच उत्साहात हजेरी. ब्लूप्रिंटमध्ये गेल्यावर प्रत्येक राउटच्या नावापुढे ब्लूप्रिंटचं नाव लागतं, हे मला माहीत नव्हतं. टेम्प्लेटमध्ये जिथे जिथे मी नावाने लिंक बनवली होती तिथे तिथे "पत्ता बनवता येत नाही". एकूण ५३ जागा. टेस्ट होत्या म्हणून घरीच सापडल्या. पीएमटी_पास, तुम्हाला एक मिसळ लागू.

नंतर अजून एक मजा. हजेरीत आणि सामानात, दोन्हीकडे 'यादी' नावाचं टेम्प्लेट होतं. मला वाटलं, वेगळ्या घरात आहेत, काय बिघडतंय. हजेरी उघडली तर फेट्यांची यादी. फ्लास्क सगळी टेम्प्लेट फोल्डरं एकाच रांगेत शोधतो आणि पहिलं सापडेल ते उचलतो. आता प्रत्येकाच्या टेम्प्लेट फोल्डरात पुन्हा त्याच नावाचं एक फोल्डर केलंय. दिसायला विचित्र आहे पण चालतं.

आणि एवढं सांभाळून खरा दणका नदीपात्रातच बसला. ब्लूप्रिंटला पत्त्याचा उपसर्ग दिला, कारण व्यवस्थित दिसत होतं. त्यामुळे हजेरीच्या पानाचा पत्ता बदलला. आमचा क्यूआर कोड जूनमध्येच फ्लेक्सवर छापून बांबूला बांधलाय. सहा वाजता दीडशे पोरं मोबाइल समोर धरून उभी आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर ४०४, म्हणजे पान सापडत नाही. टेस्टमध्ये मी पत्ता नावावरून बनवत होतो, त्यामुळे टेस्ट आनंदाने पास. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवायच्या तीन ओळी तिथेच चिखलात उभं राहून मोबाइलवरून टाकल्या.


शनिवारवाली, रविवार सकाळी ८:१५

फ्लेक्सवर छापलेला पत्ता म्हणजे दिंडी दरवाजाच. आतल्या खोल्या हव्या तशा हलवा, दार हलवायचं नाही. त्या पत्त्यांची एक टेस्ट लिहा, पत्ता जसाच्या तसा हाताने टाइप करून.

७५ टक्क्यांचं काय झालं?


टिपरू, रविवार सकाळी १०:४०

ते झालं. सुपारी आता ओसरीवरूनच विचारते. काल सराव बघणाऱ्या दादांनी दुखापतीच्या आठवड्याचा नियम बदलायला सांगितला, एकाच फाइलमधल्या चार ओळी बदलल्या. सुपारीची फाइल उघडलीसुद्धा नाही. हे मी घरी बायकोला दोनदा सांगितलं, तिने दोनदा "बरं" म्हटलं.

पावती आणि बिल्ल्याचे क्रमांकही वेगळे केले. दोन फंक्शनं आहेत, ऐंशी टक्के सारखी दिसतात, आणि मी ती एकत्र करणार नाहीये.

वर्गणी मात्र गणपतीनंतर. खजिनदारांना सांगितलंय की अनंत चतुर्दशीपर्यंत काही मागायचं नाही. ते हसले फक्त.

मूळ फाइल आता २,९०० ओळींवर आलीय. त्यातली बरीचशी वर्गणी. शिवाय मी शेवटी एक 'माळा' नावाची फाइल केलीच, ३१० ओळींची. कुठेच न बसणाऱ्या गोष्टी तिथे.


पीएमटी_पास, रविवार सकाळी ११:०२

हेल्पर्सचं मराठीकरण केलंत म्हणजे. काय काय आहे माळ्यावर?


टिपरू, रविवार सकाळी ११:२०

तारखेची मांडणी, मोबाइल नंबर तपासणं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे रक्कम अक्षरी लिहिणारं फंक्शन. आपल्याकडे नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा, त्यामुळे नुसती यादीच शंभर ओळींची. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी सगळे हाताने लिहिलेत. सहज कोणालाही लागेल म्हणून वर ठेवलंय.


पीएमटी_पास, रविवार सकाळी ११:२४

आजवर कोणाकोणाला लागलंय?


टिपरू, रविवार सकाळी ११:३१

पावतीला.


पीएमटी_पास, रविवार सकाळी ११:३२

आणखी?


टिपरू, रविवार सकाळी ११:३८

हलवतो.